नागासाकी: लांब नाकाचं बंदर आणि आसपासची भटकंती

नागासाकी हे जपानच्या क्यूशू बेटाच्या पार पश्चिमेला असलेलं बंदराचं शहर, वस्ती चार लाखांच्या आसपास. आपल्याकडे बहुतेकांना ते एकाच कारणाने माहीत असतं. हिरोशिमा-नागासाकी ही जोडी शाळेच्या पुस्तकातून डोक्यात इतकी घट्ट बसलीये की नागासाकीला जाणारे सुद्धा सकाळी फुकुओकाहून येतात, बॉम्बचं म्युझियम बघतात, पुतळ्यासमोर फोटो काढतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत. तसं केलंत तर शहराचा फक्त उत्तरेकडचा तुकडा बघून होतो, बंदर राहूनच जातं, आणि नागासाकीत जे काही वेगळं आहे ते सगळं बंदरातून आलंय. दोन मुक्काम तरी हवेत, बेटं आणि ज्वालामुखी पण करायचे असतील तर चार.

नावाचा आपल्या नागाशी काही संबंध नाही. जपानीत नागा म्हणजे लांब आणि साकी म्हणजे समुद्रात घुसलेलं जमिनीचं नाक, भूशिर. नकाशावर आज ते नाक शोधायला गेलात तर सापडत नाही कारण आजूबाजूला भराव घालून घालून ते शहराच्या पोटात गेलंय. पण खाडी तशीच आहे, अरुंद, लांब, आत वळलेली, तीन बाजूंनी डोंगर आणि त्या डोंगरांवर अगदी वरपर्यंत चढत गेलेली घरं. सपाट जागा इतकी कमी की कितीतरी घरांपर्यंत गाडी जातच नाही, पायऱ्या चढूनच जावं लागतं. वादळापासून आडोसा आणि खोल पाणी, जहाजवाल्याला दुसरं काय लागतं.

गोव्याची जहाजं आणि वसईचा गोन्सालो

१५७१ पर्यंत इथे मासेमारीचं छोटं गाव होतं. त्या वर्षी ओमुरा सुमितादा या ख्रिस्ती झालेल्या सरदाराने बंदर पोर्तुगीजांना खुलं केलं आणि १५८० मध्ये तर गावच जेझुइट पाद्र्यांच्या ताब्यात देऊन टाकलं. गोवा, मलाक्का, मकाव आणि मग नागासाकी असा तो जहाजांचा रस्ता होता, चिनी रेशीम इकडे यायचं आणि जपानी चांदी तिकडे जायची. म्हणजे नागासाकी हे त्या काळात एका अर्थाने गोव्याच्या दोरीचं शेवटचं टोक होतं. सेंट फ्रान्सिस झेवियर, ज्यांचं शव ओल्ड गोव्यात आहे, ते १५४९ ला जपानात पोचले तेव्हा सोबत आन्जिरो नावाचा जपानी माणूस होता, त्याचा बाप्तिस्मा आदल्या वर्षी गोव्यातच झालेला. १५८२ मध्ये नागासाकीहून चार जपानी पोरं पोपला भेटायला युरोपला निघाली, ती जाता-येता गोव्यात थांबली, परतताना त्यातल्या हारा मार्तिनो या मुलाने गोव्यात लॅटिनमधून भाषण ठोकलं आणि ते तिथेच छापलं गेलं. १५९० ला ही मंडळी छपाईचं यंत्र घेऊन घरी पोचली, पण तोवर वारं फिरलं होतं, जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५८७ लाच पाद्र्यांना देश सोडायचा हुकूम काढला होता.

आणि आता वसईकरांची गोष्ट, जी वसईच्या बाहेर फार कमी मराठी लोकांना माहितीये. गोन्सालो गार्सिया, वसईत जन्मलेला, बाप पोर्तुगीज, आई इथलीच कोकणातली. पोरवयात जेझुइटांबरोबर जपानला गेला, भाषा अशी शिकला की जपानी लोकांना सुद्धा कौतुक, मग काही वर्षं व्यापार केला, नंतर मनिलात जाऊन फ्रान्सिस्कन संन्यासी झाला आणि दुभाषी म्हणून परत जपानात आला. १५९६ मध्ये एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटलं, त्यावरून संशय वाढला की आधी पाद्री येतात आणि मागून सैन्य येतं, आणि हिदेयोशीने पकडापकडी सुरू केली. क्योतोहून चोवीस जणांना डाव्या कानाची पाळी कापून भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत चालवत आणलं, वाटेत आणखी दोघं त्यात धरले गेले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला निशिझाका टेकडीवर सव्वीसच्या सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्याने मारलं. त्यात सगळ्यात लहान मुलगा बारा वर्षांचा. गोन्सालो तेव्हा चाळिशीचा होता. १८६२ मध्ये पोपने या सगळ्यांना संत घोषित केलं, भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत तो हाच. वसईत गास गावी त्याच्या नावाचं चर्च आहे, कॉलेज पण आहे.

निशिझाका नागासाकी स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे, थोडा चढ. १९६२ ला तिथे स्मारक झालं, लांब भिंत आणि तिच्यावर शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांनी केलेल्या ब्राँझच्या सव्वीस मूर्ती. जवळ जाऊन पायांकडे बघा. कुणाचेच पाय टेकलेले नाहीत, सगळे खाली लोंबतायत, क्रूस मात्र कुठेच दाखवलेला नाही, त्यामुळे ते लटकलेत की वर चाललेत ते बघणाऱ्याने ठरवायचं. मुलांच्या मूर्ती उंचीवरून लगेच ओळखू येतात. फिरायला येणारे बहुतेक लोक इथे येतच नाहीत, कारण ट्रामच्या नकाशावर याच्यापेक्षा मोठी नावं बरीच आहेत. मराठी माणसाने मात्र पहिलं इथे यावं असं माझं स्पष्ट मत आहे, धर्म कुठलाही असो.

देजिमा, म्हणजे देशाला ठेवलेली एक खिडकी

पोर्तुगीजांना शहरात मोकळं सोडायचं नाही म्हणून १६३४ ते १६३६ मध्ये त्या लांब नाकाच्या टोकाशी समुद्रात भराव टाकून एक बेट बनवलं, जपानी पंख्याच्या आकाराचं, तेच देजिमा. तीनच वर्षांत पोर्तुगीजांना हाकललं आणि रिकाम्या बेटावर १६४१ ला डच आणून बसवले. मग पुढची दोनशेहून जास्त वर्षं जपानचा युरोपशी जो काही उघड व्यापार झाला तो या एवढ्याशा जागेतून, जी साधारण दोन फुटबॉल मैदानांएवढी आहे. डचांना परवानगीशिवाय पूल ओलांडायची बंदी आणि जपान्यांना आत जायची बंदी, अपवाद अधिकारी, दुभाषे आणि वेश्या. वर्षातून एकदा जहाजं यायची, बाकी दिवस नुसतं बसून राहायचं. बिलियर्ड्स आणि बॅडमिंटन जपानात इथूनच आलं म्हणतात, त्यात नवल काय.

पण त्या जहाजांमधून साखर यायची, भारतातलं छापील सुती कापड यायचं ज्याला जपानी लोक आजही सारासा म्हणतात, आणि पुस्तकं यायची. शरीरशास्त्र, खगोल, तोफा, पाश्चात्त्य विद्या शिकायची तर तरुण पोरं देशभरातून नागासाकीला यायची. १८२३ मध्ये सिबोल्ट नावाचा जर्मन डॉक्टर डचांच्या नोकरीत इथे आला, शाळा काढली, ताकी नावाच्या बाईबरोबर संसार केला आणि एका निळ्या फुलाच्या झाडाला तिच्या नावावरून ओताक्सा नाव दिलं. ते फूल म्हणजे हायड्रेंजिया, आज शहराचं अधिकृत फूल, जूनच्या पावसात सगळीकडे फुललेलं असतं. त्यांची मुलगी इने पुढे पाश्चात्त्य वैद्यक शिकून डॉक्टर झाली.

आजचं देजिमा बघताना एक गोष्ट डोक्यात ठेवा, हे बेट राहिलेलं नाही. आजूबाजूला भराव झाला, एका बाजूला ट्राम धावते, एका बाजूला फक्त कालवा. गोदामं, कॅप्टनचं घर वगैरे गेल्या काही दशकांत जुन्या चित्रांवरून आणि खोदकामावरून परत बांधलंय आणि २०१७ ला समोरचा पूल नवीन झाला. नव्या बांधणीची जागा म्हणून काही लोक नाक मुरडतात, पण आत जेवणाचं टेबल, गादीवर ठेवलेली डच खुर्ची, तातामीच्या म्हणजे गवती चटयांच्या खोलीला लावलेला युरोपियन भिंतीचा कागद हे सगळं इतकं विचित्र मिसळलेलं आहे की तास-दीड तास सहज जातो.

चिनी लोकांचा भाग वेगळा. त्यांनाही १६८९ ला कुंपणाच्या आत टाकलं होतं पण संख्या डचांच्या कितीतरी पट, त्यामुळे शहरावर छाप त्यांची जास्त. सोफुकुजी देऊळ १६२९ चं, लाल दरवाजे, चिनी धाटणी. नाकाशिमा नदीवरचा मेगाने-बाशी म्हणजे चष्मा पूल, दोन कमानी आणि पाण्यात त्यांचं प्रतिबिंब मिळून चष्मा दिसतो, तो १६३४ मध्ये एका चिनी भिक्षूने बांधवला. १९८२ च्या जुलैत एका रात्रीच्या पावसाने नागासाकी परिसरात २९९ लोक गेले किंवा बेपत्ता झाले, तेव्हा हा पूलही बराच वाहून गेला, नंतर दगड शोधून परत उभा केला. चिनी नववर्षाला शहरभर कंदील लागतात, हजारोंनी, तो लँटर्न फेस्टिव्हल. ७ ते ९ ऑक्टोबरला सुवा देवळाचा कुंची उत्सव, त्यात ड्रॅगन नाचवतात, जहाजाच्या आकाराचे जड रथ गरगर फिरवतात, लोकांना आवडलं की मोत्ते-कोई असं ओरडतात, म्हणजे परत घेऊन या. प्रत्येक मोहल्ल्याची पाळी सात वर्षांतून एकदा येते.

उराकामी

९ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब घेऊन निघालेल्या विमानाचं पहिलं लक्ष्य नागासाकी नव्हतं, कोकुरा होतं. तिथे खाली काही दिसेना, मग विमान इकडे वळलं, इथेही ढग होते, आणि सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी बॉम्ब फुटला तो बंदरावर नाही तर उत्तरेच्या उराकामी खोऱ्यावर, जमिनीपासून साधारण ५०० मीटर उंचीवर. वर्षअखेरपर्यंत सुमारे ७४,००० माणसं मेली. मधल्या डोंगरांनी जुन्या बंदराच्या भागाला थोडा आडोसा दिला, म्हणून चष्मा पूल, सोफुकुजी, ओउरा चर्च आज बघायला मिळतात. हे लक्षात आलं की शहराचा नकाशा एकदम वेगळा दिसायला लागतो, एका डोंगराच्या अलीकडे सगळं जुनं आणि पलीकडे सगळं १९४५ नंतरचं.

आणि उराकामी म्हणजे नेमकी कुठली वस्ती, तर लपून ख्रिस्ती राहिलेल्यांची. ख्रिस्ती धर्मावर बंदी होती त्या काळात दरवर्षी लोकांना येशू-मेरीच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावून तपासणी व्हायची. दोनशेहून जास्त वर्षं एकही पाद्री नसताना ही माणसं आपापसात बाप्तिस्मा देत राहिली, कानोन देवीच्या मूर्तीत मेरी बघत राहिली. १८६४ मध्ये परदेशी वस्तीसाठी ओउरा चर्च बांधून झालं, ते निशिझाकाच्या त्याच सव्वीस जणांना वाहिलेलं आहे, आणि १७ मार्च १८६५ ला उराकामीचे काही शेतकरी तिथे आले आणि एका बाईने फादर पेतिजाँ यांना हळूच सांगितलं की आमचं मन तुमच्यासारखंच आहे, आणि विचारलं सांता मारियाची मूर्ती कुठाय. ती मूर्ती आजही चर्चमध्ये आहे. एवढं होऊनही बंदी उठायला १८७३ उजाडलं, मधल्या काळात उराकामीच्या तीन हजारांवर लोकांना देशभर हद्दपार करून टाकलं होतं. परत आलेल्यांनी पै-पै जमवून मोठं कॅथीड्रल बांधलं, आणि बॉम्ब त्याच्यापासून अर्ध्या किलोमीटरवर फुटला. वस्तीतल्या साधारण १२,००० कॅथलिकांपैकी ८,५०० गेले.

पीस पार्कमधला निळसर पुतळा १९५५ चा, कितामुरा सेइबो यांचा, उजवा हात वर बॉम्बकडे, डावा आडवा शांततेसाठी, डोळे मिटलेले. खरं सांगायचं तर मला तो पुतळा फारच धिप्पाड वाटतो, पैलवानासारखा. त्याच्यापेक्षा खालचं स्फोटकेंद्राचं पार्क जास्त आत जातं, साधा काळा दगडी खांब, बाजूला जुन्या कॅथीड्रलच्या भिंतीचा तुकडा, आणि ओढ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांशी काचेमागे त्या वेळची जमीन तशीच ठेवलीये, कौलांचे तुकडे, फुटक्या वाट्या, वितळलेली काच, मातीच्या थरात दाबलेलं कुणाचंतरी स्वयंपाकघर. म्युझियममध्ये ११:०२ ला थांबलेलं घड्याळ आणि भाताचा कोळसा झालेला जेवणाचा डबा आहे. लहान मुलं बरोबर असतील तर आधी विचार करून जा. तिथून थोडं लांब सान्नो देवळाची दगडी कमान एका पायावर उभी आहे, दुसरा अर्धा स्फोटाने पडला तो बाजूला ठेवलाय, आणि आतली कापराची दोन झाडं, जळून बुंधे राहिले होते ती, आज एवढी मोठी झालीयेत की वर बघताना मान दुखते.

फिरायचं कसं, खायचं काय

विमानतळ ओमुराच्या आखातात एका बेटावर आहे, १९७५ चा, तिथून बसने पाऊण तास. फुकुओकाहून येत असाल तर तिथल्या हाकाता स्टेशनला रिले एक्सप्रेस पकडायची, ताकेओ-ओन्सेनला त्याच फलाटावर समोर कामोमे शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन उभी असते, एकूण दीड तास. ही शिंकान्सेन २३ सप्टेंबर २०२२ ला सुरू झाली, ६६ किलोमीटरची, जपानातली सगळ्यात आखूड, पुढचा जोडमार्ग कसा करायचा यावरून सागा प्रांताशी वाद अडकलाय म्हणून मधे उतरायची ही गंमत.

शहरात ट्राम. १९१५ पासून चालू आहे, कुठूनही कुठेही एकच भाडं, दीडशे येनच्या आत-बाहेर, मागून चढायचं, पुढून पैसे टाकून उतरायचं. १ आणि ३ नंबर उत्तरेला पीस पार्ककडे जातात, ५ नंबर दक्षिणेला ओउरा चर्च आणि ग्लोव्हर गार्डनकडे. दिवसभराचा पास घेतलेला बरा. ट्राम संपते तिथे चढ सुरू होतो, त्यामुळे बूट नीट घाला, नागासाकीत फॅशनचे सँडल म्हणजे स्वतःवरच सूड. ग्लोव्हर गार्डनला मात्र एक युक्ती आहे, इशिबाशीला उतरून तिरक्या लिफ्टने वर जायचं आणि बाग बघत बघत खाली यायचं. थॉमस ग्लोव्हर हा स्कॉटिश व्यापारी, त्याचं १८६३ चं घर जपानातलं सगळ्यात जुनं शिल्लक पाश्चात्त्य लाकडी घर. घरापेक्षा व्हरांड्यातून दिसणारं बंदर भारी. समोर मित्सुबिशीचा जहाज कारखाना, त्यात १९०९ ला स्कॉटलंडहून आलेली क्रेन आजही काम करते. याच कारखान्यात मुसाशी ही महाकाय युद्धनौका बांधली, तेव्हा डोंगरावरून कुणाला दिसू नये म्हणून दोरखंडांचे पडदे लावले होते. ज्या शहरात प्रत्येक घराच्या खिडकीतून बंदर दिसतं तिथे ही लपवाछपवी!

रात्री इनासायामा, ३३३ मीटर, रोपवेने वर. खाडी काळी आणि दोन्ही बाजूंचे डोंगर दिव्यांनी भरलेले, वाटीत दिवे ओतल्यासारखं.

खाण्यात साखर आणि परदेश. साखर इथे उतरायची म्हणून इथल्या जेवणात सढळ हाताने पडते, आणि पदार्थ गोडाला कमी पडला की जुनी माणसं म्हणतात नागासाकी लांब आहे वाटतं. कासुतेरा हा पोर्तुगीजांनी दिलेला केक, अंडी, साखर, मैदा, लोणी नाहीच. चांगल्या कासुतेराच्या बुडाशी जाड साखरेचे खडे असतात, तळाचा तपकिरी कागद हळूच सोलायचा आणि ते खडे दाताखाली कुरकुरले पाहिजेत, कागदालाच चिकटून गेले तर अर्धी मजा गेली. चाम्पोन म्हणजे जाड नूडल्स, कोबी, डुक्कर, कोळंबी, माकूल सगळं एका पांढुरक्या रश्शात, चिनी विद्यार्थ्यांचं स्वस्तात पोट भरावं म्हणून शिकाईरो या हॉटेलच्या चिनी मालकाने काढलेलं, हॉटेल १८९९ चं आणि अजून चालू. तोरुको राईस म्हणजे एकाच ताटात पिलाफ, स्पॅगेटी आणि वर डुकराचा कटलेट, नाव तुर्की, तुर्कस्तानशी संबंध काय ते विचारू नका. शाकाहारी लोकांचे हाल आहेत, भाजीच्या नावाखाली आलेल्या रश्शात सुद्धा हाडांचं पाणी असतं, त्यामुळे आधी विचारायचं किंवा सरळ स्टेशनवरून ओनिगिरी म्हणजे भाताचा गोळा घ्यायचा, त्यातही उमेबोशीवाला, म्हणजे आत खारवलेलं आंबट फळ असलेला.

आसपास

गुनकानजिमा, खरं नाव हाशिमा, बंदरापासून बोटीने साधारण १९ किलोमीटर. लांबून युद्धनौकेसारखं दिसतं म्हणून हे नाव. जेमतेम ४८० मीटर लांब आणि १६० मीटर रुंद खडक, खाली समुद्रतळाखाली कोळसा. मित्सुबिशीने १८९० ला विकत घेतलं, १९१६ ला इथे जपानातली पहिली मोठी काँक्रीटची चाळवजा इमारत उभी राहिली, आणि १९५९ मध्ये एवढ्याशा जागेत ५,२५९ लोक राहत होते, शाळा, दवाखाना, सिनेमा सगळं धरून. जानेवारी १९७४ ला खाण बंद, काही महिन्यांत बेट रिकामं. २००९ पासून पर्यटकांना उतरू देतात पण फक्त दक्षिणेच्या आखून दिलेल्या वाटेवर, छत्री उघडायची नाही, टाचेचे बूट चालत नाहीत, आणि लाटा जास्त असतील तर बोट नुसती फेरी मारून परत येते. म्हणून हा दिवस ट्रिपच्या सुरुवातीला ठेवायचा, शेवटी नाही, म्हणजे रद्द झालं तर दुसरा चान्स राहतो. २०१५ ला जागतिक वारसा झालं तेव्हापासून एक वाद चालूच आहे, युद्धकाळात इथे कोरियन आणि चिनी लोकांना जबरदस्तीने राबवलं, ते नीट सांगितलं जात नाही अशी कोरियाची तक्रार आहे. बोटीवरचा गाईड बहुतेक वेळ इमारतींबद्दल बोलतो, हे माहीत असलेलं बरं.

पूर्वेला शिमाबारा द्वीपकल्प. उन्झेनमध्ये वाफाळणारे झरे, सगळीकडे गंधकाचा वास, तिथल्या उकळत्या पाण्यात एकेकाळी ख्रिस्ती लोकांचे हाल केले होते, आज तिथेच वाफेवर उकडलेली अंडी विकतात. ३ जून १९९१ ला उन्झेनच्या ज्वालामुखीतून आलेल्या तप्त राखेच्या लोटात ४३ जण गेले, त्यात पत्रकार, अग्निशामक आणि मोरिस व कातिया क्राफ्त हे ज्वालामुखीतज्ज्ञ जोडपं. त्या उद्रेकाने जो नवा डोंगर वर आला तो हेइसेइ शिन्झान, १,४८३ मीटर, जुन्या शिखरापेक्षा उंच. खाली समुद्रकाठी ओबामा ओन्सेन, अमेरिकेच्या त्या ओबामांचा काही संबंध नाही पण गावाने संधी सोडली नाही. झऱ्याचं पाणी १०५ अंश म्हणून पाय शेकायचा हौद मुद्दाम १०५ मीटर लांब बांधलाय, फुकट आहे, एका टोकाला गरम आणि पुढे पुढे कोमट, संध्याकाळी पाय सोडून बसलं की समोर सूर्य समुद्रात जातो.

उत्तरेला सासेबो, अमेरिकन नौदलाचा तळ, मोठाले बर्गर आणि कुजुकुशिमा ही बेटं, नावाचा अर्थ नव्व्याण्णव पण मोजली तर २०८. त्याच वाटेवर हुइस तेन बॉस हे डच गावासारखं थीम पार्क, १९९२ चं, ट्युलिप आणि पवनचक्क्या, लहान मुलं असतील तर ठीक, नाहीतर तो दिवस गोतो बेटांना द्यावा, जेट-फॉइलने दीड तास, लपलेल्या ख्रिस्ती लोकांनी बंदी उठल्यावर बांधलेली छोटी छोटी चर्च तिथल्या प्रत्येक वळणावर आहेत. २०१८ ला त्यातली काही गावं ओउरा चर्चसकट जागतिक वारशात आली.

तारखा ठरवताना १५ ऑगस्ट बघून ठेवा. त्या वर्षात ज्यांच्या घरी कुणी गेलंय ती घरं संध्याकाळी बोट बनवून रस्त्यावर आणतात, वर दिवे, गेलेल्याचा फोटो, आणि बोट ओढत बंदराकडे जाताना फटाक्यांच्या माळांवर माळा लावतात, शोरो-नागाशी म्हणतात त्याला. दुःखाचा कार्यक्रम म्हणून गप्प उभं राहायला जाल तर कानाचे पडदे जातील, तिथली माणसं स्वतः कापसाचे बोळे घालून उभी असतात.